घरी राहिलेला चष्मा

दवनीवाडा,
७ डिसेंबर

प्रिय रुचि,

दोन कागद फाडून हा तिसरा घेतला आहे. सव्वादोन वर्षांत मी तुला एकही फोन केला नाही. तू तुझ्या दादाला फोन करायचीस तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासत ते ऐकायचे. राखी मात्र तू दोन्ही वर्षं पाठवलीस. पाकिटात तुझ्या भाचीसाठी, आचलसाठी, केसांच्या क्लिपा होत्या आणि तिच्या नावाची एक चिठ्ठी, मोठ्या मोठ्या सुट्या अक्षरांत, फक्त चार शब्दांची. तू ती तशी का लिहिलीस ते मला पाकीट उघडतानाच कळलं होतं. क्लिपा मी तिच्या केसांत लावल्या आणि चिठ्ठी तुरीच्या डब्याखाली सारली. दुसऱ्या वर्षीचीही तिथेच गेली.

आधी घरचं सांगते, ते सोपं आहे. धान घरात आलं. परतीच्या पावसानं खालच्या दोन बांध्यांतलं पीक लोळवलं, बाकीचं बरं झालं. बाबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता त्यांना बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ पायलट पोरांची विमानं स्पष्ट दिसतात. अंगणात खाट टाकून बसतात आणि एखादं विमान जरा वाकडं वळलं की म्हणतात, "हा आज मास्तराच्या शिव्या खाते." आईचे गुडघे तसेच आहेत, जीभही तशीच. पोळ्याला तिनं करंज्या केल्या, त्यातल्या तुझ्या वाटच्या वेगळ्या काढून ठेवल्या. चार दिवस तू आली नाहीस. पाचव्या दिवशी मी त्यातली एक तोंडात टाकली तर माझ्याकडे बघून म्हणाली, "गोड लागून राहिली का?" उरलेल्या मी तशाच झाकून ठेवल्या.

आता खरं लिहिते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस.

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा आचल पाच वर्षांची होती, पहिलीत नाव घातलं ते शाळा बंद असतानाच. शाळा मोबाइलवर आली. आपल्याकडे रेंज फक्त गोठ्यामागे मिळायची, म्हणून ती तिथे स्टुलावर बसून पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत राहायची. मी डी.एड. झालेली बाई. आपण दोघी एका बाकावर बसलो, एकाच गाइडवरून अभ्यास केला. तुला पहिल्या भरतीत नोकरी लागली, माझी थोड्या मार्कांनी हुकली आणि मग कितीतरी वर्षं भरतीच निघाली नाही. तूच मला या घरात वहिनी म्हणून आणलंस. त्याचा आनंद होताच. पण तुझ्या लग्नाआधीची ती दोन वर्षं, तू सकाळी खांद्याला पर्स लावून बसस्टँडकडे निघायचीस आणि मी धानाची रोवणी करणाऱ्या बायांसाठी चहाची किटली घेऊन शेताच्या धुऱ्यावरून जात असायचे, तेव्हा मला वाटायचं, ती पर्स माझ्या खांद्यावर असायला हवी होती. तू मागे वळून हात करायचीस. मीही करायचे. मनात काय असायचं ते आज पहिल्यांदा कागदावर येतं आहे. पुढचं सगळं तिथूनच निघालं असं मला आता वाटतं.

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा गावातली सगळी पोरं गेली. मी आचलला घरीच ठेवलं. म्हटलं, मी शिकवीन, आणि अशी शिकवीन की लोक बघायला येतील. माझ्या वडिलांनी माझ्या वाढदिवसांना एकेक करून आणलेले 'अठरा पुलांचा देश'चे सहा भाग माझ्याकडे होतेच. तुला मी ते डी.एड.ला असताना वाचायला दिले होते आणि तू तिसऱ्या भागात कंटाळली होतीस. हरवलेल्या आईला शोधत निघालेले बहीणभाऊ, वाटेत अठरा पूल, आणि प्रत्येक पुलावर एक पहारेकरी. त्याला पैसे चालत नाहीत. कोणी वास मागतो, कोणी विसरलेलं नाव, कोणी न हसणाऱ्या माणसाचं हसू. मी ठरवलं की गणित, भूगोल, विज्ञान, सगळं यातूनच शिकवायचं.

ती पहिली दोन वर्षं खरोखर सुंदर होती, रुचि. आम्ही बांबूच्या कामट्या आणि कणकेची खळ घेऊन परसातल्या नालीवर पूल बांधला. किती विटांनी तो मोडतो ते आचलनं मोजलं. वास मागणाऱ्या पहारेकऱ्यासाठी तिनं औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत वास भरले: मोहफुलं, धानाची ओली तणस, तुझ्या दादाच्या शर्टाची कॉलर आणि बैलाच्या मानेवर घासलेला कापूस. बाबांच्या जुन्या धोतरावर पळसाच्या फुलांच्या रंगानं त्या देशाचा नकाशा काढला. पाचव्या पुलावर पाहुण्यांनी फक्त पांढरं खायचं असतं, म्हणून एका दुपारी घरानं भात, दही, मुरमुरे आणि ओलं खोबरं खाल्लं आणि तुझा दादा मिरचीचा ठेचा मागत राहिला. शेजारचे उदारामभाऊ कुंपणावरून म्हणायचे, "पूल बांधून राहिली का पोरगी? मंग नाल्यावरचा सरकारी पूल पन तिलेच देऊन टाका, तीन साल झाले पडून आहे." आचल कमरेवर हात ठेवून त्यांना सांगायची, "आधी एक वास आना, मंग बांधतो."

फोटो मी मोबाइलवर मुलांना घरी शिकवणाऱ्या आयांच्या एका गटात टाकायचे. पुण्याच्या, नाशिकच्या, नागपूरच्या बाया विचारायच्या, रीताताई, खळ कशी केली, नकाशा कोणत्या वयाला करावा. कोणी मला ताई म्हणून काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. दवनीवाड्यात मी धर्मेंद्रची बायको होते.

वाचण्याचं असं झालं. दुपारी ओसरीवर मी आईसोबत तांदूळ निवडायला बसायचे आणि एकेक पान मोठ्यानं वाचायचे. पुस्तकातली मराठी आईला जड जायची. ती म्हणायची, "काय म्हनते वो ते? आमाले समजन असं सांग." मग मी तेच पान आपल्या बोलीत सांगायचे. आचल मध्ये बसून दोन्ही ऐकायची. असं वर्षभर चाललं. एक दिवस तिनं पुस्तक माझ्या मांडीवरून उचललं, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाली. पुस्तकात छापलं होतं, "पहारेकऱ्याने भाला आडवा धरला आणि तो म्हणाला, या पुलावरून जायचे असेल, तर मला एक वास आणून दे." आचल बोट फिरवत म्हणाली, "पहारेदारानं भाला आडवा केला अन् म्हने, पुलावरून जायचं असन तं मले एक वास आनून दे." पान संपेपर्यंत तिचं बोट शेवटच्या ओळीवर पोचलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सात वर्षांची पोर पुस्तकी भाषा मनात वाचते आणि तोंडानं लगेच आपल्या बोलीत उतरवते. दुसऱ्या कुठल्या घरात ती असती तर तिनं छापलेले शब्द जसेच्या तसे म्हणावेत अशी अपेक्षा असती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. मी मात्र शब्द जुळत नाहीत म्हणूनच जास्त खूश झाले. घरची बोली मुलाला पुस्तकापर्यंत नेते, असं आपल्याला डी.एड.ला शिकवलं होतं. माझ्या मुलीत ते डोळ्यांसमोर घडत होतं. मी व्हिडिओ काढला. तो कुठल्या कुठे गेला.

मग तू तान्ह्या पोळ्याला आलीस. आचल तिचा लाकडी नंदी सजवून गल्लीत फिरून आली आणि तुझ्याजवळ बसली. चौथा भाग तुझ्या हातात होता. त्यातली दोन पानं मागे कधीतरी पूल बांधताना खळीनं चिकटली होती आणि आम्ही ती तशीच उलटून पुढे जायचो. तू सहज, बोलता बोलता, नखानं ती पानं सोडवलीस आणि आचलला म्हणालीस, "हे वाच बरं मले." तिनं बोट ठेवलं आणि त्याच्या पुढच्या पानावरचं सगळं घडाघडा सांगितलं. तू पुस्तक मिटलंस. तिला म्हणालीस, "लय छान सांगतेस वो." सांगतेस म्हणालीस, वाचतेस नाही म्हणालीस. मी ते ऐकलं होतं.

नंतर तू चुलीपाशी आलीस, आई नाही असं बघून, आणि आवाज खाली करून मला सांगितलंस की वहिनी, हिला अक्षर येत नाही, हिला सगळं पाठ आहे. तू मला दोष दिला नाहीस. फक्त म्हणालीस, हुशार पोरगी आहे म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नाही, दोन-तीन महिने माझ्याकडे पाठव, माझ्या शाळेत बसू दे, मी बघते. तेव्हा वीसच्या आत मुलं असलेल्या शाळा बंद होणार अशी सगळीकडे चर्चा होती आणि तुझ्या शाळेचा पट अठरावर आला होता. ते तूच त्या सकाळी काळजीनं सांगितलं होतंस. मी तेच उचललं आणि तुला मारलं. म्हणाले, "पट भरत नाही म्हणून माझी पोर पाहिजे का तुले? घरोघरी फिरून झालं, आता माहेरी आली का?" तुझ्या हातात पोळी लाटायला घेतलेला गोळा होता. तू तो परातीत ठेवलास, हात धुतलास आणि संध्याकाळच्या बसनं निघालीस. आईला सांगितलंस की शाळेत काम आहे.

तेवढ्यावर मी थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. त्याच संध्याकाळी मी गटात लिहिलं की नात्यातली एक सरकारी शिक्षिका पट टिकवायला माझी मुलगी मागायला आली होती, आणि वर हसरे चेहरे टाकले. नाव लिहिलं नाही. पण आपल्या जिल्ह्यात नात्यातली शिक्षिका म्हटल्यावर नाव शोधायला किती वेळ लागतो? कोणीतरी ते पुढे पाठवलं, ते तुझ्या केंद्रप्रमुखांपर्यंत गेलं आणि तुला लेखी खुलासा द्यावा लागला. हे मला दोन महिन्यांनी तुझ्या दादाकडून कळलं. "रुचिनं खुलासा देल्ला म्हनते. तू काय लिवलं होतं?" मी म्हणाले, मी कोणाचं नाव घेतलं नाही. खरंच होतं ते. माणूस खरं बोलून किती नीच होऊ शकतो ते मला त्या दिवशी समजलं, पण समजून मी काही केलं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते. तू बरोबर होतीस हे मला तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं. सकाळी मी एका कागदावर लिहिलं, "आचल, कोठीच्या मागे तुझ्यासाठी मुरमुऱ्याचा लाडू ठेवला आहे." कागद तिच्या नंदीच्या गळ्यात अडकवला आणि लाडू कोठीमागे ठेवला. ती आली, कागद काढला, उलटसुलट बघितला, नंदीच्या पाठीवर त्याची झूल करून घातली आणि खेळत बसली. मी दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळी कोठीमागे गेले तर लाडवाला मुंग्या लागल्या होत्या. मी तो उचलून उकिरड्यावर टाकला आणि कोणी विचारू नये म्हणून पुन्हा अंगण झाडलं.

दोन वर्षं हे मी एकटीनं झाकलं. कसं, तेही सांगते. व्हिडिओ काढायचा असला की त्या आधी तीन दिवस तेच पान तिला ऐकवायचे. चित्र असलेलीच पानं निवडायचे. उपक्रम वाढवले, कारण हाताचं काम दिसलं की वाचण्याचं कोणी विचारत नाही. ती कंटाळली तेव्हा पूल मीच बांधले. दहावा ते अठरावा, सगळे माझ्या हातचे आहेत, आणि फोटोत तिच्या हातात नुसती कामटी आहे. दुपारी दार लावून तिला बाराखडी शिकवायलाही बसले. ती म्हणायची, अक्षरं एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. 'भ' आणि 'म' तिला शंभर वेळा दाखवले. एकशे एकाव्या वेळी मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मग पाटी दिसली की तिच्या पोटात दुखायला लागलं आणि मी पाटी ठेवून दिली. तज्ज्ञाला दाखवायचं तर घरात सांगावं लागणार होतं, गटात सांगावं लागणार होतं. आणि तुला.

सगळ्यात वाईट मी दुसरंच केलं. तोपर्यंत आचल खोटं वागत नव्हती, रुचि. पानाकडे बघायचं आणि आईनं सांगितलेलं आठवून बोलायचं, यालाच वाचणं म्हणतात असं तिला मनापासून वाटत होतं. ती तेवढ्याच अभिमानानं वाचायची जेवढ्या तुझ्या वर्गातली पोरं वाचत असतील. मी जेव्हा म्हणायला लागले की हे पान नको, ते घे, आणि दुसऱ्या कोणी पुस्तक पुढे केलं तर डोकं दुखतं म्हण, तेव्हा तिला कळलं की आपण करतो ते दुसरंच काही आहे. ते झाकायचं असतं हे तिला मी शिकवलं. घरी शिकवून मी तिला हेच पक्कं शिकवलं.

गेल्या महिन्यात गोंदियाला त्या गटाचा मेळावा झाला. एका हॉलमध्ये टेबलांवर अठरा पूल मांडले होते, भिंतीला धोतराचा नकाशा. तुझा दादा, आई, बाबा, सगळे आले होते. आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. आचलनं स्टेजवर तयार केलेलं पान झकास म्हटलं, टाळ्या झाल्या. मग केवलरामजी म्हणून एक म्हातारे गृहस्थ वर आले. कुठल्याशा वाचनालयात जन्मभर काम केलेले. त्यांनी लहानपणी हेच सहा भाग वाचले होते. तिच्यासाठी त्यांनी एक नवं कोरं पुस्तक आणलं होतं आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. इतक्या मायेनं म्हणाले, "बेटा, हे मी तुझ्यासाठी लिहिलं. सगळ्यांना वाचून दाखव."

तिनं पुस्तक हातात घेतलं. पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माइकमधून फक्त तिचा श्वास येत होता. मी खालून, बसल्या जागेवरून, हसून म्हणाले, "अगं बाई, तिचा चष्मा घरीच राहिला!" आचलनं आयुष्यात चष्मा घातलेला नाही. हे घरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुझा दादा जमिनीकडे बघत होता. आणि माझी दहा वर्षांची मुलगी माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "माहा चष्मा घरी राह्यला." केवलरामजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, स्वतःच त्या चार ओळी वाचल्या, लोक हळहळले, पुन्हा टाळ्या वाजल्या. मला वाचवायला ती खोटं बोलली, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. इतकी सवय तिला मी लावली होती.

दोन दिवसांनी मी परसात कपडे वाळत घालत होते, ती मागून आली आणि चिमटे हातात देता देता म्हणाली, "आई, आपून एक चष्मा घेऊन टाकू ना." मी विचारलं, कायले? म्हणाली, "मंग ते खोटं नाई राहनार."

मी ओला टॉवेल तोंडावर दाबून तिथेच खाली बसले. त्या दिवशी जेवायच्या आधी सगळ्यांना बसवून सांगितलं. लाडवाचं, पुलांचं, गटात लिहिलेल्याचं, सगळं. तुझा दादा म्हणाला, "तू सांगतलं नाई. अन् मी पन कधी पुस्तक उघडून नाई पाह्यलं." बाबा उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "मले बी वाचता नाई येत, मी काही मरून नाई गेली. पन पोरीले नाई येत तं तुले झाकता कायले येते? अन् माही पोरगी तू दोन साल घराबाहेर ठेवली." तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काल मी गटात लिहिलं. तुझं नाव घेऊन, शाळेचं नाव न घेता लिहिलं की माझ्या नणंदेनं पट भरायला नाही, माझ्या मुलीला वाचता येत नाही हे दिसलं म्हणून तिला मागितलं होतं, आणि मी खोटं पसरवलं. खाली बऱ्याच बाया काहीबाही लिहीत आहेत, काही दिलासा देतात, काहींनी मला झोडलं आहे. मी वाचायचं सोडलं. गटातल्या माफीनं तुझ्या फाइलमधला खुलासा निघत नाही, ते मला कळतं. केंद्रप्रमुखांसाठी वेगळं पत्र लिहून यासोबत ठेवलं आहे. द्यायचं की नाही ते तू ठरव. घरच्या जावयांना, भुपेंद्ररावांना, माझा नमस्कार सांगण्याचा मला हक्क नाही, तरी सांग.

हे सगळं मी एवढं तपशिलानं, तारीख घालून, कागदावर का लिहिलं ते आता सांगते. आचलला तुझ्या शाळेत घे. तुझा दादा म्हणाला, आता घेतली तर लोक म्हणतील, बघा, शेवटी पटासाठी पोर नेलीच. म्हणूनच हे पत्र. कोणी तसं म्हटलं तर हे त्याच्यापुढे ठेव, अधिकाऱ्यापुढे ठेव, गावात चावडीवर वाचून दाखव. यातला एक शब्दही लपवायचा नाही. वयानं ती पाचवीत बसते, पण तिची जागा कुठे हे तूच बघून ठरव. लागेल तर तज्ज्ञाला दाखवू, आता मी आड येणार नाही. इथवर लिहून झाल्यावर हे सगळं मी तिला आपल्या बोलीत वाचून दाखवलं, धपाट्यासकट. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "आत्याच्या शाळेत मी पयलीतल्या पोरांसंग बसन. मले लाज नाई वाटत. तुले वाटते का?" मी हो म्हणाले. तिला वाटलं, मला तिची लाज वाटते. तिचा चेहरा पडला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. मग तिला जवळ घेऊन सांगावं लागलं की लाज वाटते ती माझी मला. पंधरा तारखेला, सोमवारी, सकाळच्या बसनं गोंदिया, तिथून सालेकशाची गाडी. दहाच्या आत आम्ही दोघी तुझ्या शाळेच्या फाटकाशी असू. तू मला आत बोलावू नकोस. तिला तेवढी हाताला धरून ने.

तुझीच,
रीता